शाळेचा प्रभार हाती येतो तेव्हा : नव्या प्रभारी मुख्याध्यापकांसाठी मार्गदर्शक

विदर्भाच्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा प्रभारी मुख्याध्यापकांवर चालतात. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त होतात किंवा बदलून जातात, पंचायत समितीकडून एक पानाचा आदेश येतो आणि शाळेतील ज्येष्ठ शिक्षकाकडे पुढील आदेशापर्यंत प्रभार सोपवला जातो. त्याचा वर्ग सुटत नाही, प्रशिक्षण मिळत नाही, आणि कालपर्यंत बरोबरीने डबा खाणारे सहकारी आजपासून त्याच्या सहीची वाट पाहू लागतात. मी यवतमाळ जिल्ह्यातील पहिली ते सातवीच्या शाळेचा प्रभार सांभाळला आहे. त्या काळात जे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

कार्यसंस्कृती, मूल्ये आणि नैतिक नेतृत्व हे शब्द आपण प्रशिक्षणांत पुष्कळ ऐकतो. शाळेत मात्र त्यांची परीक्षा नोंदवह्यांत होते. शाळेत जे घडले तेच नोंदवहीत लिहिले जाते का, या एका प्रश्नाचे उत्तर जेथे ‘होय’ आहे, तेथे शिक्षक एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि गावही शाळेवर विश्वास ठेवते. म्हणून खालील प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या नोंदीशी जोडलेली आहे.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- प्रभाराच्या आदेशाची प्रत आणि प्रभार यादीच्या तीन प्रती : एक तुमची, एक आधीच्या मुख्याध्यापकांची, एक कार्यालयाची.
- महाराष्ट्र जिल्हा परिषदा जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७. खासगी अनुदानित शाळेत असाल तर सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली.
- बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. आधी कलम १७, २१, २४, २७ आणि २८ वाचा. बाकीचे सवडीने वाचले तरी चालेल.
- दाखल-खारीज रजिस्टर (शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जात, जन्मतारीख यांची वही), दाखल्यांचे पुस्तक, शिक्षक हजेरीपत्रक, हालचाल नोंदवही, पोषण आहाराची साठा नोंदवही व चव नोंदवही, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, आवक-जावक, शेरेबुक.
- बँकेचे पासबुक व धनादेश पुस्तिका, तसेच सरल व यू-डायस प्लस (शाळेची आणि विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची शासकीय पोर्टले) आणि पोषण आहाराच्या पोर्टलचे पासवर्ड.

१. मोजून घ्या, मगच सही करा

प्रभार यादीवर सही करणे म्हणजे यादीतील प्रत्येक वस्तू आपल्या ताब्यात आली, असे लेखी कबूल करणे. तरीही बहुतेक ठिकाणी ही सही निरोपसमारंभाच्या गडबडीत, हारतुऱ्यांच्या बाजूला बसून होते. समोरचे मुख्याध्यापक वयाने आणि मानाने मोठे असतात, त्यामुळे ‘मोजूया’ म्हणायला संकोच वाटतो. ‘सर, उद्या कोणी तुम्हाला विचारायला नको, म्हणून आपण दोघे मिळून मोजून घेऊ,’ असे म्हटले तर सहसा कोणी दुखावत नाही, आणि हे म्हणणे खरेही आहे.

तांदूळ काट्यावर तोलून घ्या. कट्टे मोजून अंदाज बांधू नका. कॅशबुकातील शिल्लक पासबुकाशी ताडा. दाखल्यांच्या पुस्तकात कोरे दाखले कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत आहेत ते लिहून घ्या. दाखल-खारीज रजिस्टरची पाने क्रमाने आहेत का, एखादे फाटले किंवा डकवले आहे का, ते पाहा. फरक आढळला तर भांडण करू नका. यादीच्या शेवटी ‘पडताळणीत आढळलेला फरक’ असे शीर्षक देऊन तो लिहा आणि त्याखाली दोघांनीही सही करा.

पासवर्ड त्याच दिवशी बदला. अनेक शाळांचे पासवर्ड तालुक्याच्या गावातील संगणक दुकानदाराकडे असतात आणि शाळेची माहिती तोच भरतो. काम त्याच्याकडून करून घेतले तरी आपण शेजारी बसूनच करून घ्यावे, कारण त्या माहितीखाली नाव आपले असते.

२. पहिली शिक्षकसभा : कामाची वाटणी

पहिल्याच आठवड्यात सभा घ्या आणि तिचे इतिवृत्त लिहा. भाषण करू नका. या सभेत एकच गोष्ट नीट करायची आहे, ती म्हणजे कामाची न्याय्य वाटणी. आपल्याकडे ऑनलाइन माहिती भरण्याचे सगळे काम नव्या शिक्षणसेवकाच्या गळ्यात पडते, पाहुण्यांचे स्वागत, रांगोळी आणि चहापाणी शिक्षिकांकडे जाते, आणि ज्येष्ठ मंडळींच्या वाट्याला देखरेख येते. ही वाटणी कोणी ठरवून केलेली नसते. म्हणूनच ती मोडायला कोणीतरी मुद्दाम बसावे लागते. सगळी कामे फळ्यावर लिहा आणि वर्षभराची वाटणी सर्वांसमक्ष करा.

माझे ठाम मत आहे की प्रभारी मुख्याध्यापकाने शक्य असेल तर पहिलीचा वर्ग स्वतःकडे घ्यावा. तो सर्वांत कष्टाचा वर्ग आहे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा यवतमाळकडील कोलामी बोलणारी मुले पहिल्यांदा शाळेत येतात तेव्हा त्यांना शाळेची मराठी समजत नाही, आणि त्यांच्या बोलीतील दहा-वीस शब्द शिकून त्यांच्याशी बोलणारा शिक्षक तेथे लागतो. मुख्याध्यापकच ते करत असेल, तर इतरांना कामाबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही.

३. हजेरीपत्रक आणि बिनतारखेचा अर्ज

गावात राहणारे शिक्षक आता कमी आहेत. बहुतेक जण तालुक्याहून किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून ये-जा करतात, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वेळेवर पोहोचणे खरोखरच अवघड होते. अडचण खरी आहे. खोटी असते ती नोंद. दुपारी सव्वाबाराला आलेला शिक्षक साडेदहाची सही करतो, किंवा सोमवारी न आलेला मंगळवारी येऊन दोन्ही सह्या करतो.

सर्वांत रूढ सापळा म्हणजे बिनतारखेचा रजेचा अर्ज. शिक्षक किरकोळ रजेचा अर्ज तारीख न टाकता मुख्याध्यापकाच्या टेबलाच्या खणात ठेवून जातो. तपासणीला कोणी आले तर त्यावर तारीख पडते, कोणी आले नाही तर तो फाडला जातो आणि दुसऱ्या दिवशी सही होते. ही सोय इतकी जुनी आहे की नव्या मुख्याध्यापकाला ती आपोआप वारशात मिळते. प्रभार घेतल्याच्या दिवशी खण उघडा आणि असे अर्ज ज्याचे त्याला परत करा. कारण सांगताना कोणालाही चोर ठरवू नका. ‘यापुढे अर्ज तारखेसह घेईन, अचानक अडचण आली तर फोन करा, मी रजा मांडून ठेवीन आणि परत आल्यावर तुम्ही अर्ज द्या,’ एवढे सांगणे पुरते.

त्यानंतर पुढील गोष्टी पाळा. शाळा भरल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत हजेरीपत्रक पाहून रिकाम्या रकान्यात रजा किंवा गैरहजेरी लिहा. उशीर झालेल्याने प्रत्यक्ष आल्याची वेळ लिहावी, आणि स्वतःला उशीर झाला तर तुमचीही तीच वेळ तेथे दिसावी. पंचायत समितीत किंवा बँकेत जाताना हालचाल नोंदवहीत कामाचे ठिकाण व कारण लिहूनच बाहेर पडा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कार्यदिन व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास, आणि शिक्षकासाठी पूर्वतयारीसह आठवड्याला ४५ तास सांगितले आहेत. विदर्भात शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, साधारणपणे जूनच्या अखेरीस उघडतात आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, हे लक्षात घेतले तर वाया गेलेला प्रत्येक तास भरून काढणे किती कठीण आहे ते कळते.

मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याचा प्रश्न नाजूक आहे. त्याबाबतचे आदेश वेळोवेळी बदलत आले आहेत. आपल्या जिल्ह्यात सध्या लागू असलेला आदेश मागवून वाचा. एक मात्र कोणत्याही आदेशाने बदलत नाही : जेथे राहत नाही तेथे राहतो, असा दाखला सरपंचांकडून घ्यायचा नाही आणि सहकाऱ्याने आणलेला तसा दाखला, खोटा असल्याचे माहीत असताना, आपल्या सहीने पुढे पाठवायचा नाही.

४. पोषण आहार : ताटे मोजा

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, असे प्रमाण आहे. समजा पहिली ते पाचवीचा पट ६० आहे आणि आज ४३ मुले जेवली. तांदूळ लागला ४ किलो ३०० ग्रॅम. नोंद ६० मुलांची केली तर कागदावर ६ किलो खर्ची पडतो आणि दिवसाला १ किलो ७०० ग्रॅमचा फरक तयार होतो. शाळेच्या वीस दिवसांत तो ३४ किलो होतो. हा तांदूळ खोलीत पडून राहिला तरी अडचण, कारण साठा नोंदवहीपेक्षा जास्त भरतो. आणि तो बाहेर गेला तर काय झाले हे सांगायलाच नको. खोटी नोंद सुरू करणाऱ्याचा हेतू पुष्कळदा चोरीचा नसतो. पुढे धान्य वेळेवर आले नाही तर मुले उपाशी राहतील, म्हणून थोडे हाताशी असावे, असा त्याचा विचार असतो. त्यावर उपाय खोटी हजेरी हा नाही. साठा संपण्यापूर्वी लेखी मागणी करून तिची जावक क्रमांकासह प्रत ठेवणे हा आहे.

रोजची पद्धत अशी ठेवा. पंगत बसल्यावर एका शिक्षकाने ताटे मोजावीत आणि तोच आकडा त्याच दिवशी पोर्टलवर जावा. वाढण्याआधी शिक्षकाने अन्नाची चव घेऊन नोंदवहीत सही करावी. आठवड्याच्या सह्या शुक्रवारी एकदम करू नयेत. शक्य असेल तेव्हा पालकांपैकी एखाद्या आईला चव घ्यायला बोलवा.

स्वयंपाक करणाऱ्या मावशी शाळेच्या कर्मचारीवर्गातील सर्वांत कमी मानधनाच्या व्यक्ती असतात. त्यांचे मानधन रखडले असेल तर दर महिन्याला तुम्ही स्वतः पाठपुरावा करा. एखाद्या गावात त्यांच्या जातीमुळे काही पालक मुलांना जेवू देत नाहीत किंवा मुलांच्या वेगळ्या पंगती आपोआप पडू लागतात. अशा वेळी तडजोड म्हणून स्वयंपाकीण बदलू नये. सर्व शिक्षकांनी त्याच पंगतीत, मुलांच्या मध्ये बसून तेच अन्न खावे आणि विरोध करणाऱ्या पालकाच्या घरी जाऊन बोलावे. वेगळी पंगत एक दिवसही चालवून घेतली, तर ती मोडायला पुढे वर्ष लागते.

५. पट आणि निकाल

संचमान्यतेत शिक्षकांची पदे पटावर ठरतात. त्यामुळे पट घसरला की एखादे पद जाईल, ही भीती सगळ्या शाळेला असते आणि खासगी शाळेत गेलेले मूल हजेरीवर तसेच राहू देण्याचा मोह होतो. २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा अशा कागदावरच्या मुलांमुळे अनेक शाळा अडचणीत आल्या. त्या वेळी प्रश्न एखाद्या पदाचा राहिला नाही, शाळेच्या अब्रूचा झाला.

आपल्या भागात याला हंगामाची बाजू आहे. सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मे होतात. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत तेच घडते. पालक सरळ सांगतात, ‘सर, हजेरी लावून ठेवजा, पोट्टं संक्रांतीलोक कापसातच राहीन.’ या विनंतीमागे गरज आहे, म्हणून ती धुडकावू नये. पण मान्यही करू नये. गैरहजेरी खरी लिहा, आणि त्या मुलासाठी सकाळी किंवा संध्याकाळी तासभर काढता येतो का ते पाहा. कुटुंब स्थलांतर करणार असेल तर जाण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड (नव्या गावच्या शाळेत शिक्षण सुरू ठेवण्यासाठीचे) हातात द्या, आणि पालक मुलाला आजी-आजोबांकडे ठेवायला तयार असतील तर हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत पाठवा. ज्याची गैरहजेरी लिहिलेलीच नाही, त्या मुलासाठी यातील काहीच मागता येत नाही. वाचता न येणाऱ्या मुलाला चाचणीत गुण भरून देण्याबाबतही हेच लागू होते.

शिक्षकाने खासगी शिकवणी घेणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने निषिद्ध आहे. वर्गात मागे पडलेल्यांसाठी शाळेतच जादा तास घ्यावा, विनाशुल्क.

६. दाखल-खारीज रजिस्टर : शाळेतील सर्वांत मौल्यवान वस्तू

नव्या मुख्याध्यापकांना या वहीचे मोल बहुधा उशिरा कळते, म्हणून येथे थोडे थांबतो. जातवैधता पडताळणीत जुन्या शालेय नोंदींना मोठे महत्त्व असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे शोधत लोक शाळेत येतात. एखाद्याच्या आजोबांचे पहिलीत नाव घातले तेव्हाची एक ओळ त्याच्या नातवंडांचे शिक्षण आणि नोकरी ठरवू शकते.

त्यामुळेच दबावही येथेच येतो. ‘एवढे एक अक्षर नीट करा,’ ‘जन्मतारीख वर्षाने पुढे घ्या,’ अशी विनंती घेऊन गावचे प्रतिष्ठित येतील, नातेवाईक येतील, कधी सहकारीच कोणाचे तरी काम घेऊन येईल. आपल्या अधिकारात या वहीत जात, जन्मतारीख किंवा नाव बदलता येत नाही, हे शांतपणे सांगा. पुराव्यांसह अर्ज घ्या, प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि लेखी मंजुरी आली तरच, मूळ नोंद वाचता येईल अशा रीतीने, आदेश क्रमांक लिहून दुरुस्ती करा. व्हाइटनर या वहीजवळही नको. उतारा देताना जसे लिहिले आहे तसेच उतरवा, जुने अशुद्धलेखनसुद्धा.

वही लोखंडी कपाटात, वाळवी आणि ओल यांपासून दूर ठेवा, प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र काढा आणि ती कोणालाही घरी नेऊ देऊ नका. उतारा मागणाऱ्याला उगीच हेलपाटे घालायला लावू नका, आणि त्याच्याकडून चहाचेही पैसे घेऊ नका. दाखल्याचेही तसेच आहे. दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला पट टिकवण्यासाठी अडवून ठेवणे कायद्याने शिस्तभंगाला पात्र आहे.

७. पैसा

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. सभा प्रत्यक्ष घ्या. इतिवृत्ताची वही घरोघरी फिरवून सह्या आणि अंगठे घेण्याची पद्धत बंद करा. मजुरीला जाणाऱ्या महिलांसाठी सभा संध्याकाळी ठेवली तर त्या येतात आणि बोलतातही. अनुदान किती आले आणि कशावर खर्च झाले, हे शाळेच्या भिंतीवरील फळ्यावर लिहा. कोरे बिल घेऊ नका. स्वाध्यायपुस्तिका विकणारे कमिशन देऊ करतात, ते नाकारा आणि नाकारल्याचे शिक्षकांना सांगा. वरिष्ठांच्या भेटीच्या जेवणासाठी वर्गणी काढण्याचा प्रघात असेल तर पाहुण्यांना पोषण आहाराच्या पंगतीत बसवा. चांगले अधिकारी यावर खूश होतात, असा माझा अनुभव आहे.

८. मुलांची सुरक्षितता

येथे मुख्याध्यापकाला निवडीचे स्वातंत्र्य नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्ध आहेत. छडी वर्गात ठेवायचीच नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तशी शंका आली, तर बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

व्यवहारात घडते ते असे : गावातील चार जाणती माणसे बसतात, मुलीच्या नावाचा बोभाटा नको म्हणतात, आणि प्रकरण मिटवले जाते. या बैठकीला मुख्याध्यापकाने जायचे नाही. मुलाचे किंवा मुलीचे म्हणणे एकदाच, विश्वासातील शिक्षिकेच्या उपस्थितीत ऐका. खोदून चौकशी करू नका, कारण ते काम पोलिसांचे आहे. त्याच दिवशी पोलिसांना लेखी कळवा, १०९८ या बालमदत क्रमांकावर मदत घ्या, वरिष्ठांना कळवा आणि मुलाची ओळख कोणालाही, अगदी शिक्षकांच्या समूहावरही, सांगू नका. तक्रारपेटी नियमितपणे, साक्षीदारांसमोर उघडा आणि रिकामी निघाली तरी तशी नोंद करा.

९. सहकारी चुकतो तेव्हा, आणि वरून दबाव येतो तेव्हा

प्रभारी मुख्याध्यापकाची खरी कसोटी येथे आहे, कारण त्याच्याकडे जबाबदारी मुख्याध्यापकाची असते आणि नाते मात्र सहकाऱ्याचे. सहकाऱ्याची चूक दिसली की आधी एकट्याशी बोला, शाळा सुटल्यावर, तपशिलासह. ‘तुम्ही नेहमी उशिरा येता’ असे म्हणण्याऐवजी कोणत्या तीन दिवशी किती वाजता आलात ते सांगा, आणि कारण विचारा. घरातील आजारपण, कर्ज किंवा व्यसन अशी कारणे पुढे आली तर रजा, उपचार किंवा वेळापत्रकातील बदल यांची व्यवस्था आधी करा. सुधारणा झाली नाही तर लेखी सूचना द्या, आणि त्यानंतर केंद्रप्रमुखांना कळवा. व्हॉट्सॲपच्या समूहावर कोणालाही जाब विचारू नका. तेथे अपमान होतो आणि सुधारणा होत नाही. मात्र आठव्या पायरीतील प्रकार असेल तर हा क्रम लागू नाही. तेथे थेट कळवायचे.

वरून तोंडी आदेश आला आणि तो नियमाबाहेरचा वाटला, तर नकार देण्याची घाई करू नका. ‘साहेब, आपला आदेश लेखी मिळाल्यास तातडीने कार्यवाही करतो,’ असे नम्रपणे सांगा. पुष्कळ आदेश येथेच थांबतात. न थांबल्यास झालेल्या बोलण्याची तारीख, वेळ आणि मजकूर लिहून त्याच दिवशी पत्र पाठवा, जावक क्रमांक घ्या आणि पोच घेतलेली प्रत शाळेच्या कपाटात न ठेवता स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांव्यतिरिक्त अशैक्षणिक काम सांगितले गेले तर पत्रात कलम २७ चा उल्लेख करा, आणि ते काम करावेच लागले तर किती शिक्षक किती तास वर्गाबाहेर होते, याची नोंद शाळेच्या लॉगबुकात त्याच दिवशी घ्या.